साधीच गाठ

नाही, त्या खुर्चीत नको — इकडे बसा, माझ्याकडे. माहीत आहे हो, तुम्ही धाकट्याचं गिऱ्हाईक, इतकी वर्षं त्याच्याच हातची दाढी. तुम्ही बाहेरगावी होतात, कळलं नसेल. गेला तो. माझा पाठचा भाऊ गेला — बोलू नका, फेस तोंडात जाईल.

कशानं? साध्या गाठीनं. स्टूल ओढून, बसून केस कापायला लागला, तेव्हा तुम्हीच त्याला 'साहेब' म्हणायचात — आठवतं? मीही हसायचो. आळस कसला, अंगात रक्तच नव्हतं. रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या की चार दिवस बरा, पुन्हा पांढराफटक. शौचाला काळं होतंय म्हणाला, तर आम्ही म्हटलं, गोळ्यांनी होतं तसं — आणि होतंच की गोळ्यांनीही, कुणाला काय कळणार? तोंडातून दुर्बीण घातली, साफ. खालून घातली, साफ. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. शेवटी मोठ्या इस्पितळात सापडली — लहान आतड्याच्या पार मध्यावर, लिंबाएवढी. दोन्ही दुर्बिणी जिथे पोचत नाहीत, नेमकी तिथे बसून गळत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, साधी आहे. जीव भांड्यात पडला आमचा. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो मी — साधी आहे, साधी आहे.

बाई पुढेही बोलल्या होत्या. साधी असली तरी रक्त जातंय, थांबू नका. ते कानावर पडलं, आत शिरलंच नाही. 'साधी' तेवढं घेऊन घरी आलो. त्यात माझ्या मुलीचं लग्न तोंडावर. तोच म्हणाला, "दादा, पोरीला सासरी धाडू, मग कापू देत काय कापायचं ते." — मान जरा इकडे — आणि मला, खरं सांगतो, बरंच वाटलं.

पोरीची गाडी वळणाआड जाईपर्यंत हसत उभा होता. मग संडासात गेला, तो बाहेर येईना. दार तोडलं — नुसतं रक्त हो. वाटेतच गेला. पोर अजून लग्नाचे फोटो बघत नाही. सासरी सांगते, हरवले.

झालं तुमचं. तुरटी जरा झोंबेल. आणि — रागवू नका — पुढच्या वेळी दुसरीकडे जा. मघाशी तुम्ही दारात दिसलात आणि मी आत वळून त्याला हाक मारली, "अरे, तुझं गिऱ्हाईक आलंय." ऐकलीत ना तुम्ही? म्हणून म्हणतो. या आता.