खताच्या दुकानाचं नवं सॉफ्टवेअर

आर्वीच्या एसटीत माह्या पुढच्या सीटवर खताचे दुकानदार हेमराजभाऊ अन् त्याईचा सॉफ्टवेअरवाला अंकुश. मी खिडकीकडे तोंड केलं, कान तिकडेच.

"अबे अंकुश, जुनं सॉफ्टवेअर बदलव म्हणलं, तं गिऱ्हाइकायले मेसेज काऊन गेले?"

"नव्या डेटाबेसातून आपोआप जातेत, भाऊ."

"'प्रिय रडक्या बंडूजी' असे?"

"जुन्यात तुम्हीच तसं नाव टाकलं होतं."

"गावात पाच बंडूजी हायत, वळखू कसं? अन् माह्या सासऱ्याले काय गेलं?"

"'प्रिय मक्खीचूस सासरा.'"

"अरे देवा! म्हणून त्याईनं आज तातडीनं बोलावलं!"

"मग दुसरा डेटाबेस पाहू काय? क्लाउडवरचा लय फास्ट हाय."

"फास्ट नोको बाप्पा, मुका पाह्य!"