आठशे माणसांची छावणी

(सोलापुरात अक्कलकोट रोडला नागम्माचं घर. तिचा सैनिक मुलगा शिवू सीमेवर मारला गेला, त्याला महिना झालाय. त्याच्या पलटणीतला हवालदार मल्हार भेटायला आलाय. शिवूची बहीण अक्षता दाराला टेकून उभी.)

नागम्मा : चहाचं राहू दे. आधी सांगा. छावणीत आठशे जण होते की. तोफेचे गोळे पडले आन् मेला एकटा माझा शिवू? बाकीचे काय झोपले होते?

मल्हार : मावशी, आठशे न्हवते.

नागम्मा : शिवू स्वतः म्हणाला फोनवर! आठशे.

मल्हार : पाच होते. पाचच.

अक्षता : म्हणजे?

मल्हार : हे सांगायची परवानगी न्हाय मला. तरी आलोय. छावणी खोटी होती, ताई. हवा भरलेले रबराचे रणगाडे, रिकामे तंबू. वरनं शत्रूचं ड्रोन बघायचं, म्हणून रोज सकाळी साठ चुली पेटवायच्या. चढाई हितनंच होणार आसं त्यांना वाटाय पायजे. खरी पलटण तिकडं तीस किलोमीटरवर, डोंगराआड.

नागम्मा : आन् चुली कोण पेटवायचं?

मल्हार : शिवू.

अक्षता : गोळे पडणार हे माहीत होतं तुम्हाला?

मल्हार : ताई, हुकूम वरचा होता.

अक्षता : बोला ना! माहीत होतं की नव्हतं?

मल्हार : व्हय. पडावेत म्हणूनच मांडलं होतं समदं. खंदक खोदून दिला होता. बाकीचे चौघं त्यात शिरले. त्या दिवशी तो चुलीपाशी होता, पळायला वेळ घावला न्हाय. पर शत्रू पुरता फसला. तिकडनं आमची चारशे पोरं आत घुसली, एकाला खरचटलं न्हाय.

अक्षता : वा! दादाला गळाला लावलं आणि तुमचं काम फत्ते. पत्रात काय लिहिलंत? 'शत्रूशी लढताना.' लढताना? फुंकणी होती त्याच्या हातात!

मल्हार : त्या चारशे पोरांच्या घरी इचारा, ताई...

अक्षता : मला नका सांगू त्यांचं! मला एकच भाऊ होता.

नागम्मा : अक्षता, गप. हवालदार, मला फोनचं सांगा. शेवटच्या फोनात हिंदीत बोलला तो. जन्मात कानडी सोडून बोलला न्हवता माझ्याशी. मला हिंदी येती ती बाजारापुरती. म्हटलं, का रे, साहेब झालास? तरी आपला हिंदीतच. आठशे लोग है, बहुत बडा काम है.

मल्हार : शत्रू फोन चोरून ऐकतोय, हे आमाला ठावं होतं. त्यांना कळाय पायजे म्हणून हिंदी. कागदावर लिहून दिलं होतं त्याला.

नागम्मा : कुणी?

मल्हार : मी. पाच माणसं मीच निवडली, कागद बी मीच लिहिला.

नागम्मा : आईला करायचा फोन शत्रूला करायला लावलास? तुला आई हाय का रे?

मल्हार : हाय. सांगोल्याकडं मेंढरं राखती. दोन थोबाडीत मारा, मावशी. मी उठणार न्हाय.

नागम्मा : मारून माघारी येतोय व्हय तो?

मल्हार : शेवटी एक वाक्य कानडीत बोलला. ते कागदात न्हवतं. लई झापलं मी त्याला त्यावरनं. काय म्हणाला होता?

अक्षता : तेही हवंय तुम्हाला? सांगू नकोस, अव्वा!

नागम्मा : आठशे जण म्हटल्यावर मी म्हटलं, गल्लीतल्या बायका गोळा करते, समद्यांना कडक भाकरी आन् शेंगाचटणी धाडते. तवा म्हणाला, 'रोट्टी कळसब्याड, यव्वा.' भाकरी पाठवू नको. मला वाटलं, साहेब लोकांत आईच्या भाकरीची लाज वाटाय लागली ह्याला.

मल्हार : मावशी, खायला कोण होतं तितं...

नागम्मा : त्या फोनात माझं लेकरू खरं तेवढं एकच बोललं. आन् त्याच्यावरच चिडून मी फोन ठेवला.