गिळलेली बुक्की

जया : हलू नको. हात टेबलावरच ठेव.

अय्याज : नाई हलत, ताई. पण रक्त लय वाहून राह्यलं. रुमाल तरी बांधू द्या.

जया : वाहू दे. विळा अजून पुरा लागला नाई. ही गेमची मशीन चालू केली का पहिलेच नाव येते, अय्याज, उमरखेड. साऱ्या बाजारात विचारत आली मी. मोबाइल दुरुस्तीवाला अय्याज तूच नं?

अय्याज : मीच.

जया : मंग माह्या भावाले तूच मारलं.

अय्याज : खुदा कसम, मी कोणाले हात नाई लावला आजवर. कोण तुमचा भाऊ?

जया : रोशन. जिनिंगवरचा हमाल. सोमवारी त्याच्याच टोळीनं त्याले मारलं. कापसाच्या गाठीले लोखंडी पट्ट्या आवळतात नं, त्यानं. तोंड म्हणून राह्यलंच नव्हतं. मी पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं त्याले.

अय्याज : या अल्ला. ऐकलं होतं मी. पण त्यात ह्या गेमच्या मशीनीचा काय संबंध?

जया : औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला. जिनिंगवर काम राह्यलं एकाच टोळीपुरतं. हमाल दोन टोळ्यायचे. बाबाराव मुकादम म्हणे, आपसात डोके फोडू नका, गेम खेळा. अशा दोन मशीनी आणल्या, वायरनं जोडल्या. दोन टोळ्यायचे दोन गडी, बुक्क्यायचा खेळ. ज्याचा गडी जिंकन, त्याची टोळी तो हप्ता कामावर. आमच्याकडून रोशन, ही मशीन त्याच्याच हातची. लहानपणी टीव्हीवर हाच गेम खेळे तो. अख्ख्या वस्तीत कोणी हरवत नव्हतं त्याले.

अय्याज : अन् इथं हरला.

जया : दर हप्त्याले हरला. घराघरातल्या चुली थंड झाल्या.

अय्याज : हरला म्हणून मारून टाकलं?

जया : विकला गेला म्हणून मारून टाकलं! समोरचा पडायले आला का ह्याचा हात थांबे. साऱ्यायनं डोळ्यानं पाह्यलं. घरी येऊन मले म्हणे, जया, मी बुक्की मारतो वं, मशीन मारत नाई. मीबी खरं नाई मानलं. समोरचं ताट ओढून घेतलं त्याच्या.

अय्याज : मशीन द्या इकडं.

जया : कायले? आतलं पुसून टाकाले?

अय्याज : पाहाले. विळा मानेवर ठेवा पाह्यजे तर, पण पाहू द्या. ताई, ही मशीन मी नाई बनवली. हिच्या पोटात एक प्रोग्राम हाय, इम्युलेटर म्हंतात. आपल्या लहानपणचे टीव्हीगेम ह्या चिमुकल्या डब्यात चालवते तो. जगभरची पोरं मिळून लिहितात, अन् उघडा ठेवतात. कोणीबी फुकट घ्यावा, कोणीबी बदलावा. मी त्यात मराठी अक्षरं बसवली, म्हणून माहं नाव येते. पुढं कोणी त्यात काय घुसवलं, मले कसं समजन?

जया : उघड्या घरात कोणीबी साप सोडते.

अय्याज : सोडते. पण उघड्यावर तो दिसतेबी. हे पाहा, तुमच्या मशीनीतलं मेमरी कार्ड काढलं, प्रोग्राम ह्यातच राह्यते. हे माह्याजवळचं टाकलं, जसा प्रोग्राम मी लिहिला तसा. गेम तोच. समोर मशीनच खेळन. दाबा हे बटन, बुक्की मारा.

जया : लागली. लागली. पाडला त्याले.

अय्याज : म्हंजे बटन चांगलं हाय. आता तुमचं कार्ड परत टाकतो. मारा.

जया : लागली. लागली.

अय्याज : मारत राहा. वरतं समोरच्याच्या नावाखाली लाल रेघ दिसते नं? ती त्याची ताकद. संपली का तो पडला.

जया : लागली. एवढीशीच राह्यली रेघ. मारली... नाई लागली. अय्याज, मी दाबलं!

अय्याज : दाबलं तुम्ही. मी अंगठा पाहून राह्यलो तुमचा.

जया : परत नाई लागली. हे पाह्य, दाबून राह्यली मी, हे पाह्य!

अय्याज : समोरचा मरणाले टेकला का हा प्रोग्राम तुमची बुक्की गिळून टाकते. माह्यात असं काही नाई. हे कोणीतरी मुद्दाम लिहून घातलं.

जया : म्हंजे रोशन दाबत होता.

अय्याज : दाबत होता, ताई.

जया : लोकं मारत होते तवाबी वरडला असन तो. मी दाबत होतो म्हणून.

बाबाराव : कोण वरडलं न् काय वरडलं, ते आता कायले उकरतेस पोरी? आण ती मशीन. जिनिंगचा माल हाय.

जया : अय्याज, ह्योच बाबाराव मुकादम.

बाबाराव : लोकं म्हणे, रोशनची बहीण विळा घेऊन बाजाराकडं गेली. म्हटलं, मशीन हिच्याजवळच असन. थांबा, शटर खाली ओढून घेतो. बाजाराले कायले तमाशा?

अय्याज : बाबाराव, ह्या कार्डात काय हाय ते मी पाह्यलं. हे कार्ड ठाण्यात जाईन.

बाबाराव : अस्सं? ह्याच बोटायनं खोलतेस नं मशीनी? एक हात तर पहिलेच कापून ठेवला हिनं. दुसरा आण.

अय्याज : सोड! बोटं... अम्मी! बोटं मोडली माही!

बाबाराव : एकच मोडलं. अजून लय हायेत.

जया : सोड त्याले.

बाबाराव : तू गप राह्य. तुह्या भावानंबी तोंड लय चालवलं होतं, काय झालं पाह्यलंस नं? कार्ड कुठं हाय बे? बोल, नाई तर हे दुसरं...

जया : घे!

बाबाराव : आई! माहा कान! कापला, कान कापला हिनं!

जया : कानच गेला. हललास तर मान जाईन. बस खाली. भिंतीले पाठ लाव. अय्याज, कार्ड मशीनीतच हाय नं?

अय्याज : हाय.

जया : घे बाबाराव. खेळ.

बाबाराव : काय?

जया : खेळ. जिंकलास तर शटर उचलून जाय घरी. हरलास तर विळा ओढीन.

बाबाराव : येडी झालीस काय? रक्तानं डोळे भरले माहे.

जया : रोशनचेबी भरले होते. मार बुक्की.

बाबाराव : मारतो, मारतो. विळा टोचवू नको, बाई.

जया : चांगला खेळतेस की. ती लाल रेघ संपत आली पाह्य. मार अजून एक.

बाबाराव : नाई लागत.

जया : मार.

बाबाराव : नाई लागणार वं! ह्या मशीनीवर कोणीच जिंकत नाई!

जया : काहून?

बाबाराव : विळा काढ. सांगतो.

जया : तसाच सांग. अन् मोठ्यानं सांग. शटरच्या पलीकडं माणसं जमली, त्यायले आयकू जाऊ दे.

बाबाराव : माह्या भाच्यानं बदलून देल्लं. यवतमाळले कॉम्प्युटर शिकते तो. ती दुसरी टोळी अर्ध्या मजुरीत काम करे. तुमची टोळी हक्क मांगे. सरळ हाकललं असतं तर तुम्ही गेट जाळलं असतं. म्हणून खेळ लावला. तो मरन असं नव्हतं वाटलं, बाई. माराले मी नाई सांगितलं.

जया : मारत होते तवा तू कुठं होता?

बाबाराव : तिथंच.

जया : रोखलं काहून नाई?

बाबाराव : रोखलं असतं तर कारण सांगा लागलं असतं.

अय्याज : ताई, नका. विळा मागं घ्या. गळ्यातून रक्त आलं त्याच्या.

जया : येऊ दे.

अय्याज : हा मेला तर उद्या साऱ्यायले इतकंच राहीन, का विकल्या गेलेल्याच्या बहिणीनं मुकादम कापला. ह्याले बोलायले जित्ता राहू द्या.

*(शटरवर बाहेरून लोखंड आपटतं.)*

सुखदेव : जया! मी सुखदेव. आपली टोळी हाय सगळी. आयकलं आम्ही. उघड शटर, दे त्या हरामखोराले आमच्या हवाली!

बाबाराव : नाई! उघडू नको, बाई. पाया पडतो तुह्या.

सुखदेव : उघड जया! फोडून काढतो त्याले, रोशनच्या नावानं!

जया : अय्याज, कुलूप लाव आतून.

अय्याज : बोट मोडलं माहं. तुम्हीच लावा, किल्ली टेबलावर हाय. तुम्ही ह्याले खेळवत होत्या तवाच कापल्या हातानं ठाण्यात फोन लावला मी, निघाले म्हंतात.

जया : सुखदेवदादा, सोमवारी तूबी होता?

सुखदेव : उघड पहिले.

जया : होता का?

सुखदेव : होतो.

जया : पहिला वार कोणी केला?

सुखदेव : आता कसं सांगू? सारेच मारत होते.

जया : तो काय म्हणत होता?

सुखदेव : मी दाबलं, मी दाबलं, म्हणत होता. आमाले वाटलं, बहाणा करते.

जया : आता हातात काय हाय तुह्या?

सुखदेव : पट्टी हाय.

जया : ठेव खाली. सारेच ठेवा. हा बाबाराव पोलिसायच्या गाडीतच बसन, तुमच्या हाती नाई लागणार. शटर फोडलं तर पहिले मी मधात हाओ.

सुखदेव : ठेवल्या, जया. खालीच ठेवल्या... गाडी आली पाह्य. मले विचारतीन, कोण कोण होतं म्हणून. कोणाकोणाचं नाव सांगू?

जया : आधी तुहं सांग, दादा.