सात जणींचा ठोका

आत्या : ...मग तुमच्या गाण्याखाली हे काय लिहिलंय? मोठ्यानं वाच, सेमिसी.

सेमिसी : आत्या, आधी आत तरी ये. चहा टाकतो...

आत्या : चहा घाल चुलीत. वाच!

सेमिसी : 'आवाज : बेटांवरच्या अनाम बायका.'

आत्या : अनाम! आणि तुझं नि या कॅलमचं नाव केवढाल्या अक्षरांत! ओटाहुहूच्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सात जणी कापडासाठी झाडाची साल कुटत होतो, तेव्हा तूच माइक धरून उभा होतास ना? त्यातली प्रत्येक बाई तुझी मावशी नाहीतर काकी. एकीचंही नाव आठवेना?

सेमिसी : ते मी नाही लिहिलं गं...

कॅलम : मी लिहिलं. चुकलं, आत्या. रेकॉर्ड आज सकाळीच बाहेर पडलीय, दुपारपर्यंत नावं घालतो. पण ऐकून तरी बघा. लोक नाचतायत तुमच्या लाकडी मोगऱ्यांच्या ठोक्यांवर!

आत्या : ऐकलं. बसमध्ये, भाचीच्या फोनवर, दोनदा. हाऊस म्युझिक म्हणा, टेक्नो म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. त्यातली लोसालीने कुठे गेली?

कॅलम : कोण?

आत्या : बघ, 'कोण' म्हणतोय! तू सांग याला.

सेमिसी : लोसालीने काकी. डाव्या टोकाला बसायची. जूनमध्ये वारली.

आत्या : मनगट कायम सुजलेलं तिचं. सगळ्यांच्या मागून, जराशी उशिरा पडायची तिची मोगरी. तीस वर्षं आम्ही त्या ठोक्याला जागा सोडत आलो. तुमच्या गाण्यात ती जागाच नाही.

कॅलम : तो... मी सरळ केला. सगळे ठोके एका रेषेत आणावे लागतात, नाहीतर नाचणाऱ्यांचा पाय चुकतो.

आत्या : आमचा नाही कधी चुकला!

सेमिसी : मला म्हणालास, फक्त खरखर काढली.

कॅलम : तूही ऐकलंस की! छान झालंय म्हणालास.

सेमिसी : म्हणालो. माझीच काकी, आणि मला कळलं नाही. काढून टाक.

कॅलम : काय?

सेमिसी : रेकॉर्ड. सगळीकडून. आत्ताच्या आत्ता.

कॅलम : दोन वर्षं घातलीत आपण यात! शुक्रवारी कार्यक्रमात वाजवायचंय!

सेमिसी : मग शुक्रवारी तिच्यासकट वाजवू. मूळ आवाज आहे ना तुझ्याकडे?

कॅलम : ...आहे.

आत्या : लाव.

(कॅलम लावतो. लाकडावर लाकूड पडत राहतं.)

सेमिसी : आली. ही बघ, आली.

कॅलम : कुठे? आत्या, शप्पथ, मला ऐकूच येत नाहीये.

आत्या : इकडे ये, माझ्या शेजारी बस. ती आली की तुझा हात दाबते.