दोनपैकी एकच खोली

बायको : रिपोर्ट आला.

नवरा : ते कळलं मला. काचेपलीकडे डॉक्टर बोलत होते आणि तू पदराशी खेळत होतीस. काय म्हणाले ते सांग. साखर लावून नको.

बायको : तुमच्या जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत म्हणे.

नवरा : कुठल्याच?

बायको : एक जुनं औषध आहे, ते देऊन बघणार आहेत. पण त्यानं किडन्या जाऊ शकतात. आणि लागू पडेलच असंही नाही.

नवरा : म्हणजे आगीतून फुफाट्यात. अगं, मी हर्नियाच्या ऑपरेशनला आलो होतो. माझ्या पायांनी चालत. गिऱ्हाइकाला सांगून आलो, सोमवारी पँट घेऊन जा. हे जंतू मी घरून आणले नव्हते.

बायको : इथलेच आहेत. डॉक्टरांनीच कबूल केलं. इतकी वर्षं इथली औषधं पचवून निर्ढावलेत, म्हणाले.

नवरा : बरं व्हायला यायचं आणि इथूनच दुखणं घ्यायचं. भांडायचं तरी कुणाशी?

बायको : मी भांडले. पण त्यांच्या हातातही काही नाही हो. मला त्यांचीच दया आली.

नवरा : जाऊ दे. वर लेक कशी आहे?

बायको : ताप आहे तिला, टाके दुखतात. बाळ अजून काचेच्या पेटीतच आहे. मी काचेतूनच बघितलं. आज दूध पचलं म्हणे.

नवरा : कुणावर गेलंय?

बायको : एवढ्याशा तोंडावरून काय कळणार? कपाळावरची आठी मात्र तुमची.

नवरा : मग शिंपीच होणार.

सिस्टर : आजी, बोललात का यांच्याशी? मला वर कळवायचंय.

नवरा : काय बोलायचंय?

बायको : काही नाही. नंतर सांगते.

सिस्टर : मीच सांगते आजोबा. बाळाला आता पेटीतून काढून छातीशी धरून ऊब द्यायला माणूस हवंय. तुमच्या मुलीला ताप आहे, जावई बोटीवर. राहिल्या आजी. पण या खोलीत येणाऱ्यानं त्या खोलीत जायचं नाही. हे जंतू हातांनी, कपड्यांनी पसरतात. तिथे पोचले, तर त्या बाळांना द्यायलाही आमच्याकडे काही नाही. आजींनी एकच खोली धरायची. वर जायचं असेल, तर आधी अंघोळ, कपडे, तपासणी, आणि परत इथे यायचं नाही.

नवरा : मग यात विचार कसला करायचा?

बायको : तुम्हाला पाणी कोण पाजणार?

नवरा : सिस्टर आहेत.

बायको : सिस्टरना सगळा वॉर्ड आहे. आणि तुमचं अर्धं बोलणं पुटपुटण्यात जातं, ते त्यांना कळायचं नाही.

नवरा : माझं कापून, शिवून झालंय. त्याचं अजून मापही घेतलेलं नाही. तू वर जा.

बायको : आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर?

नवरा : तरी खाली यायचं नाही. तेवढं कबूल कर.

बायको : कसं कबूल करू मी? तुम्ही सांगा, कसं करू?

नवरा : नुसती मान हलव.

बायको : लग्न झाल्यापासून स्वतःचंच खरं करत आलात.

नवरा : मग आता काय वेगळं करू? सिस्टर, न्या हिला.

सिस्टर : थोडा वेळ बसू द्या त्यांना. माझी काही घाई नाही.

नवरा : नको. बसली की ही रडणार, मग मी. त्यापेक्षा आत्ताच जाऊ दे.

बायको : उशी वर घेते जरा. पाणी इकडे ठेवलंय. हात पोचतो का?

नवरा : पोचतो.

बायको : येते मी.

नवरा : ...लगेच निघालीस?