सातवा कागद

आदरणीय अध्यक्षा श्रीमती प्रोखास्का, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघालेले आमचे लेलंड ह्रुस्का सर आणि जमलेल्या घरमालक बंधुभगिनींनो,

डेल्फीन टब्जने ऑफिसातला लोखंडी स्टेपलर माझ्या तोंडावर हाणला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पुढचा दात गेलाय, काही शब्द शिट्टीसारखे निघतील. सांभाळून घ्या.

कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या मला सरांनी त्यांच्या भाड्याच्या घरांच्या ऑफिसात नोकरी दिली, ते उपकार विसरलेलो नाही. आपल्या क्लीव्हलंडमधली घरं जुनी, रंगात शिसं, पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला विष. भाडेकरूची सही घेण्याआधी मालकाने त्याबद्दल माहीत असेल ते कागदावर सांगायचं, तपासणीचा अहवाल हातात द्यायचा. नियम आपल्याला पाठ आहे. आणि तो टाळायचा कसा, तेही पाठ नाही का? सर तो कागद बारा कागदांच्या गठ्ठ्यात सातवा लावायचे. म्हणायचे, "सातवा आला की मुलाची चौकशी कर. आई मुलाबद्दल बोलायला लागली की वाचत नाही."

डेल्फीन घर भाड्याने घ्यायला आली तेव्हा तिच्या कडेवर दोन वर्षांचा अमारी होता, आणि मी तिला बघून खुळावलो होतो. इतकं हसवलं तिला, की सातव्या कागदावर तिने न बघता सही केली. ‘मालकाला माहीत नाही’ यापुढची खूण मी केली. खिडक्यांच्या चौकटींत शिसं असल्याचा अहवाल माझ्याच खणात होता. त्यावर सरांची सही.

अमारी खिडकीशी उभा राहून चौकट चावायचा. मार्चमध्ये त्याला झटके आले. येत होते तेवढे शब्दही आता तो बोलत नाही.

डेल्फीनने ऑफिसात येऊन एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे?"

मी मान खाली घातली. मग स्टेपलर.

ती गेल्यावर सरांनी मला रुमाल दिला. म्हणाले, "रक्त पूस. मागची तारीख घालून नवा कागद कर, आणि तो अहवाल फाड."

सरांच्या भुवईवर टाके दिसतायत ना? सर जिन्यावरून पडलेले नाहीत. मी कॉलर धरून त्यांना लोखंडी कपाटावर आपटलं, दोनदा. दुसऱ्यांदा आपटलं त्याचं अजून वाईट वाटत नाही.

मग मला इथे बोलायला का बोलावलं? काल सरांचा फोन आला, "दोन शब्द गोड बोल. नाहीतर खूण तुझ्या हातची आहे, हे मी कोर्टात सांगेन."

सांगा, सर. अहवाल आणि सातवा कागद आज सकाळी डेल्फीनच्या वकिलाकडे दिलाय. खूण माझी, हेही लिहून दिलंय. डेल्फीन तिथे बाकावर बसली होती. माझ्याकडे बघितलं नाही तिने. मी मात्र तिच्याकडेच बघत होतो, अजूनही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आता निघतो. हा हॉलही आपल्या घरांइतकाच जुना आहे, आणि दार मी जोरात ओढणार आहे. रंगाचे कपटे उडतील. जेवणाची ताटं झाकून घ्या.