लाईटची पाळी

माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, अन् दिली इकडे दवनीवाड्याच्या अंगाले, म्हणजे धानातून धानातच आली मी, काय सांगू तुमाले. माहेरी तलावाचं पाणी पाळीनं सुटे, आज याची बांधी, उद्या त्याची, भांडणं होत, काठ्या बी निघत, पण पाळी कोणी मोडे नाही. बाप म्हणे, साऱ्यांचं पाणी आहे म्हणून तं पाळी आहे.

इकडे पाहतो तं जो तो बोरवेलवाला. ज्याची त्याची मोटर, मंग कायची पाळी. सारे उन्हाळी धान करून राहिले, अन् लाईट दरसाल कमीच येऊन राहिली. मंगेशचे बाबा, म्हणजे आमचे मालक, गावचे बिनपगारी लाईनमन होते. वावरात खांबावर डीपी आहे, साऱ्या मोटारीले तिथूनच लाईट. त्याचा फ्यूज गेला का सरकारी माणूस येवाले दिवस लागे, मंग लोक यांनाच आवाज देत, चला जी भाऊ. अन् हे जात. नाही म्हणता येतच नवतं त्यांना, हेच तर वाईट.

आता ऑटो म्हणजे काय तं मोटरच्या डब्यात बसवतात, लाईट आली का मोटर आपोआप सुरू, माणसानं वावरात जाचं कामच नाही. साऱ्यांनी बसवले. मंग लाईट आली का शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उठत अन् डीपी दम सोडे. हे घरोघरी फिरले, ऑटो काढा बापा, पाळीनं चालवा, पुढं लाईट अजून कमी येईन, तवा काय करसान. लोक म्हणत, हो जी, बरोबर आहे जी. दिवाळीनंतर गावची मंडई भरते, जत्राच म्हणा, तिच्या आधी बैठक भरली तं तिथं बी बोलले, पाण्याची पाळी धरता तं लाईटची काऊन नाही. साऱ्यांनी माना हलवल्या, अन् मंग यंदा नाटक कोणतं आणाचं यावर जे बसले ते जेवणवेळ झाली तरी उठले नाही. माझ्या एकट्याच्यानं का होते, हे जो तो म्हणे. यांनी आपला काढला. लोक हासत, पाहा, बुढा बटन दाबाले चालला.

त्या चैतात धान लोंबीवर होता अन् फ्यूज गेला. दुपारची लाईट बंदच राहे, येवाले वेळ होता, म्हणून हे डीपीवर चढले. मी धुऱ्यावर शिदोरी सोडून राहिली होती. अन् लाईट आली. वेळेच्या आधीच आली. पलीकडच्या शिवारातल्या मोटारी एकदम उठल्या, हूं करून, लोक वरडले लाईट आली, लाईट आली, अन् मी बी खुश झाली. मंग डीपीकडं पाहिलं.

तेरवीले सारं गाव आलं, रडलं बी, खोटं नाही बोलत मी. उद्याच काढतो ऑटो, म्हणले सारे. पंगत बसली होती अन् लाईट आली, अन् चहूकडून मोटारी एकदम उठल्या. कोणी पानावरून मान बी वर नाही केली.

तवापासून घरात मिक्सर लागला तरी मी दाराकडं धावतो. मी आपली पायी जाऊन बटन दाबतो. मंगेश म्हणे, माय, तू एकटीच कायले हिंडतं. मी म्हणे, एक तं कमी उठते ना.

परवा लाईट आली, मी वावरात गेली तं आपली मोटर आधीच चालून राहिली होती, पाणी धो धो बांधीत. मले वाटलं हेच येऊन बटन दाबून गेले. खरं सांगतो, मी हाक बी मारली, अजी म्हणून. मंग डबा उघडला. आत नवा ऑटो. मंगेशले विचारलं तं म्हणे, साऱ्यांचे धान हिरवे, आपलेच काऊन वाळवाचे. आता त्याले काय म्हणू. वाळूनच तं राहिले होते.

तुमी आले तवा अंगणात तिघं उभे होते ना, ते मंगेशले न्यायले आले होते. डीपीचा फ्यूज गेला आहे. बापासारखा हाच आहे आता गावाले, अन् ह्याले बी नाही म्हणता येत नाही. लाईट येवाले अजून वेळ आहे, म्हणून गेला.

सुखी राहो बापा गाव, कोणाचं वाईट नाही चिंतत मी. तुमी बी सुखी राहा. पण आता थोडं चूप बसा. मले कान देऊ द्या.